पावसाळी तळे बारमाही करून मासे ठेवायचे आहेत: नुसते खोल खणून भागेल का?

पाणवठा (धागाकर्ता)

तळे साधारण 40 मीटर लांब, 25 मीटर रुंद. पूर्ण भरल्यावर मध्यभागी 1.6 मीटर पाणी असते. पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरते, दुसरा स्रोत नाही. पाऊस थांबल्यावर सुमारे तीन महिन्यांत तळ उघडा पडतो. शेजारी एक विहीर आहे, तासाला अंदाजे 1000 लिटर देते. उन्हाळ्यात तिचे पाणी जमिनीपासून 6 मीटर खाली जाते.

पोकलेन लावून सगळे तळे 3 मीटर करावे असा विचार आहे. खोल केले तर पाणी वर्षभर टिकेल का? प्लास्टिक अंथरायचे का? बेंटोनाइटबद्दल (पाण्याने फुगणारी चिकणमातीची पूड) वाचले आहे, ते किती लागते? सध्या तळे निम्मे भरलेले आहे.

---

ओलमाती

पोकलेन सध्या थांबवा. पाणी कशामुळे जाते हे कळल्याशिवाय खोल करू नका. पुष्कळ पावसाळी तळ्यांत पाणी धरून ठेवतो तो तळाचा चिकणमातीचा एकच थर. त्याखाली मुरूम किंवा वाळू असली आणि यंत्राने तो थर फोडला, तर तीन महिने टिकणारे पाणी तीन आठवड्यांत जाते. खणलेल्या तळ्याचा हा सगळ्यात नेहमीचा बिघाड, आणि नंतर दुरुस्त करायला सगळ्यात अवघड.

तळे निम्मे भरलेले आहे हे बरेच झाले. आत्ताच दोन मोजण्या करून घ्या.

पहिली: पाझर किती आणि बाष्पीभवन किती. सरळ उभ्या भिंतींचा मोठा टप घ्या. गुडघाभर पाण्यात ठेवा, तळाशी दगड घालून स्थिर करा, काठ पाण्याच्या वर 5 ते 10 सेंटीमीटर राहू द्या. टपात तळ्याचेच पाणी बाहेरच्या पातळीइतके भरा. टपाच्या आत एक आणि बाहेर तळ्यात खुंटीला एक, अशा मिलिमीटरच्या दोन पट्ट्या लावा. रोज ठरलेल्या वेळी दोन्ही वाचा, निदान चार दिवस. पाऊस पडला तर तो दिवस सोडा, आणि त्या दिवसांत विहिरीचे पाणी तळ्यात सोडू नका. टपातली घट म्हणजे बाष्पीभवन. तळ्यातली घट वजा टपातली घट म्हणजे पाझर.

दुसरी: तळाखाली काय आहे. पाणी ओसरलेल्या भागात आणि दोन्ही काठांना हाताने खड्डे घ्या, जिथवर खणायचे ठरवले आहे त्याच्याही एक मीटर खाली जाईपर्यंत. मातीचा रंग आणि पोत किती सेंटीमीटरवर बदलतो ते लिहून ठेवा. काम झाल्यावर ते खड्डे चिकणमातीनेच थरथर धुम्मस करून बुजवा. सैल भरलेला खड्डा म्हणजे तळ्याला आपणच पाडलेले भोक.

चिकणमाती ओळखायची तर ओलसर गोळा अंगठा आणि बोटात दाबून पट्टी काढा. 5 सेंटीमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली तर माती कामाची. त्याआधीच तुटली तर गाळ किंवा वाळूचे प्रमाण जास्त आहे.

---

झरा

वरच्याला एक जोड. विहिरीची उन्हाळी पातळी 6 मीटर म्हणजे भूजल तळाच्या बरेच खाली आहे. तळाखालीच भूजल लागत असते तर खोल खणणे हाच उपाय ठरला असता, कारण तळे विहिरीसारखे आतून भरले असते. तुमचे तळे वरून भरते. त्याला बादलीसारखे बूड लागते, आणि खोली वाढवून बूड मिळत नाही.

विहिरीचा तासाला 1000 लिटरचा आकडा कोणत्या महिन्यातला? सर्वांत कोरड्या महिन्यात मोजा. तळ्याला पाणी जास्त लागते नेमके तेव्हाच विहीर कमी देते.

---

पाणवठा

चार दिवसांची सरासरी: टप 6 मिलिमीटर, तळे 19 मिलिमीटर. म्हणजे पाझर 13.

तीन खड्डे घेतले. तिन्हींत वरचे साधारण 90 सेंटीमीटर काळी चिकण माती, पट्टी 7 ते 8 सेंटीमीटर निघते. त्याखाली पिवळा मुरूम, हाताने फुटतो. खड्डे परत बुजवले आहेत. एवढी जाड काळी माती असताना 13 मिलिमीटर पाझर का, हे कळत नाही.

विहीर: मागच्या उन्हाळ्यात रोज 6 तास पंप चालत होता, शेवटच्या महिन्यात 3 तास.

---

ओलमाती

आकडे एकमेकांशी जुळतात. 1.6 मीटर भागिले 19 मिलिमीटर म्हणजे 84 दिवस, तुमचे तीन महिने.

पाझर का, तर भेगांमुळे. काळी माती सुकली की आकसते आणि हात-दीड हात खोल फाटते. पावसाळ्यात ती फुगते खरी, पण तोवर भेगांत गाळ, पालापाचोळा, भुसभुशीत ढेकळे गेलेली असतात. त्या वाटा पुरत्या बंद होत नाहीत. तळे आटते म्हणून तळ फाटतो आणि तळ फाटतो म्हणून तळे आटते. ही माती एकदा उकलून, योग्य ओलीवर ठासून बसवली आणि पुन्हा कधी सुकू दिली नाही, तर तीच उत्तम बूड होते. प्लास्टिक आणि बेंटोनाइट दोन्ही न लावता काम होण्यासारखे आहे.

आता पाण्याचा हिशोब. नीट ठासलेल्या चिकणमातीतून पाझर दिवसाला 2 मिलिमीटर धरू, बाष्पीभवन 6. एकूण 8. पावसाशिवायचे 240 दिवस धरले तर 1.92 मीटर पाणी जाणार. 1 मिलिमीटर घट म्हणजे 1000 चौरस मीटरला 1000 लिटर, तेव्हा पूर्ण तळे ठेवलेत तर रोज 8000 लिटर भरपाई हवी. विहीर 6 तासांत 6000 देते. तूट राहतेच.

म्हणून माझे ठाम मत: सगळे तळे खोल करू नका, लहान करा. भरल्यावर पाण्याचा पृष्ठभाग 30 बाय 20 मीटर येईल एवढेच घ्या. 600 चौरस मीटरला रोज 4800 लिटर लागतात, ते विहीर देते. शेवटच्या महिन्यात 3000 च मिळाले तरी पातळी दिवसाला 3 मिलिमीटरपेक्षा जास्त उतरणार नाही. बाष्पीभवन पृष्ठभागावर ठरते, खोलीवर नाही. पसरट तळे उन्हाला पाणी देऊन टाकते.

पाण्याची खोली 2.5 मीटर, आतला उतार 2 आडवे 1 उभे. तळ 20 बाय 10 येतो, पाणी सुमारे 950 घनमीटर. तळाला एका टोकाकडे 200 मीटरला 1 मीटर असा हलका उतार ठेवा आणि त्या टोकाला खड्डा करा, म्हणजे मासे काढताना पाणी एका जागी गोळा होते.

कामाचा क्रम चुकवू नका:

तळे पूर्ण कोरडे पडल्यावर काळी माती सोलून एका बाजूला रचा. वरचा 10 ते 15 सेंटीमीटर गाळ त्यात मिसळू देऊ नका, तो वेगळा ठेवा, पुढे उपयोगी आहे. मग मुरूम काढा. सध्याच्या तळापासून एकूण 1.5 मीटर खाली जावे लागेल: 90 सेंटीमीटर वाढीव खोलीसाठी, 45 मातीच्या अस्तरासाठी, 15 वरच्या आवरणासाठी. उघडा मुरूम पाणी मारून ठोकून घ्या. मोठे दगड आणि मुळे वेचा, पोकळ्या बुजवा.

अस्तर ठासून 45 सेंटीमीटर व्हायला हवे. तळ आणि चारही उतार मिळून क्षेत्र 647 चौरस मीटर भरते, म्हणजे ठासलेली माती सुमारे 290 घनमीटर. काढताना-वाहताना तूट येते, 350 धरा. तेवढी तुमच्याकडे आहे, उरलेली बांधाच्या गाभ्याला वापरा.

माती 15 सेंटीमीटरपेक्षा जाड थराने पसरू नका. ओल अशी हवी की मूठ वळली तर गोळा टिकावा, पण हाताला चिकटू नये. कोरडी माती ढेकळांसकट दबते आणि आत पोकळ राहते. फार ओली माती रुळाखाली लाटेसारखी हलते, बसत नाही. पोकलेनच्या पट्ट्यांवर विसंबू नका, त्यांचे वजन पसरलेले असते. खुरांचा रूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर चाकाला चाक लावून पुन्हा पुन्हा फिरवा. कोपरे आणि उताराचा पाया हाताच्या धुम्मसने. पुढचा थर टाकण्याआधी खालचा थर खरवडून ओला करा, नाहीतर दोन थरांच्या फटीतून पाणी आडवे चालते.

शेवटी उतारांवर आणि तळावर 15 सेंटीमीटर मुरूम पसरा. हे आवरण गाळू नका. पातळी खाली गेल्यावर उघडा पडलेला उतार सुकतो आणि काळी माती परत फाटते. मुरमाखाली ती ओलसर राहते.

अस्तर पूर्ण होणे आणि पाणी भरणे यांत अंतर नको. पाऊस लांबला तर रोज शिंपडत राहा.

---

काळाकातळ

हिशोब पटला. बांध आणि पाइप यावर कोणी लिहिले नाही, आणि तळी फुटतात ती तिथूनच.

बांधाच्या मधल्या रेषेत आधी चर खणा, रुंदी 60 सेंटीमीटर ते 1 मीटर, आणि ठासलेल्या चिकणमातीने भरा. हा चर अस्तराला सलग जोडलेला असला पाहिजे. गवत आणि वरची सेंद्रिय माती खरवडल्याशिवाय भराव टाकाल तर जुन्या जमिनीच्या रेषेतूनच पाणी फुटेल. बांधाचा माथा 1.5 ते 2 मीटर रुंद, सर्वांत वरच्या पाण्यापासून 50 ते 60 सेंटीमीटर उंच. भराव बसतो, म्हणून उंची दहा टक्के जास्त ठेवा.

निचऱ्याचा पाइप घालणार असाल तर त्याच्याभोवती काँक्रीटचे कॉलर द्या, पाइपाच्या बाहेर सगळीकडे 60 सेंटीमीटर. पाइपाच्या गुळगुळीत अंगावरून पाणी वाट काढते, सुरुवातीला थेंब थेंब, मग मातीसकट. पाइपाखालची माती हातानेच ठासावी लागते, यंत्र तिथे पोचत नाही.

सांडवा नैसर्गिक, न खणलेल्या जमिनीवर काढा, भरावावर कधीच नाही. त्याला जाळी लावताना उभी, बारीक आणि छोटी लावू नका. पाल्याने ती तुंबते आणि पाणी बांधावरून जाते. रुंद आणि तिरकी जाळी, आडव्या गजांची, पावसात रोज साफ करता येईल अशी.

बांधावर झाडे नकोत, मेलेले मूळ म्हणजे तयार नळी. हरळीसारखे पसरणारे गवत लावा. खेकडे आणि उंदरांची बिळे दर महिन्याला बघा.

प्लास्टिकबद्दल विचारले होते, तेही सांगतो. याच मापाला 500 मायक्रॉनचा एचडीपीई कागद घेतला तर तळ, दोन्ही उतार आणि काठाच्या चरात पुरायला दोन्हीकडे 1 मीटर धरून 33.2 बाय 23.2 मीटर लागेल, सुमारे 770 चौरस मीटर. वजन साडेतीनशे किलोच्या वर, ओढायला माणसे हवीत. खाली टोकदार खडी राहिली तर पाण्याच्या दाबाने भोक पडते. खाली सेंद्रिय गाळ राहिला तर वायू धरून कागद फुग्यासारखा वर येतो. पाझर जवळपास शून्य होतो हा मोठा फायदा. पण ओल्या कागदावर पाय ठरत नाही. माणूस किंवा जनावर पडले तर बाहेर येता येत नाही. प्लास्टिकच्या तळ्याला कुंपण, आणि चारही बाजूंना काठाला घट्ट बांधून पाण्यात सोडलेले गाठी मारलेले जाड दोर, हे पहिल्या दिवसापासून हवेत.

चांगली काळी माती हाताशी असताना मी प्लास्टिक घेणार नाही.

---

दलदल

बाजूला उरलेल्या 400 चौरस मीटरचे काय करणार? ती जागा बुजवू नका, अशी विनंती.

तळे दरवर्षी आटते म्हणूनच त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसतात म्हणून बेडूक तिथे अंडी घालतात. चतुरांसारखे कीटकही अशाच पाण्यात वाढतात. बारमाही पाण्यात मासे आले की बेडकांची अंडी आणि पिल्ले बहुतेक खाल्ली जातात. उथळ भाग पावसाळी ठेवलात तर दोन्ही नांदतील.

तळेवाल्यालाही याचा फायदा आहे. वाहून येणारे पाणी आधी या उथळ भागात घ्या, तिथे गाळ बसू द्या, आणि वरचे निवळ पाणी जाळी लावलेल्या पाइपातून खोल तळ्यात सोडा. खोल तळे गाळाने भरायला कितीतरी जास्त वर्षे लागतील. उथळ भाग उन्हाळ्यात सुकला की गाळ फावड्याने निघतो.

---

बोटुकली

तळे आटण्याचा आणखी एक फायदा आजवर फुकट मिळत होता: तळ उन्हाने तापून गाळातले सडके कुजून संपत होते, शिकारी मासे आणि परजीवी मरत होते. बारमाही झाल्यावर ते काम तुमच्यावर येते. दर दोन-तीन वर्षांनी मासे काढून तळे रिकामे करा, पण अस्तर फाटेपर्यंत सुकवू नका. गाळ काढा, चुना मारा, लगेच भरा. गाळ काढणाऱ्याला अस्तर कुठे सुरू होते ते कळावे म्हणून वरचा मुरमाचा पिवळा थर खुणेसारखा कामाला येतो.

पहिल्या वर्षी पाण्याला खत कमी पडेल, कारण उघडी पडलेली माती नापीक असते. बाजूला ठेवलेला जुना गाळ तळावर पातळ पसरा, एवढ्याने प्लवंग (माशांचे खाद्य असलेले पाण्यातले सूक्ष्म जीव) लवकर धरतात. भरण्याआधी 100 चौरस मीटरला 2 ते 3 किलो शेतीचा चुना, सामू (पीएच) 6.5 च्या खाली असेल तर जास्त. आठवड्याने 100 चौरस मीटरला सुमारे 20 किलो शेण, पाण्यात कालवून. पंधरा दिवसांनी पाणी हिरवट दिसू लागले की हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा जेमतेम दिसेनासा झाला तर हिरवेपणा पुरेसा. त्याआधीच दिसेनासा झाला तर शेण थांबवा.

बीज किती, हे भरलेल्या तळ्यावर ठरवू नका. उन्हाळ्यात पातळी 1.2 मीटरने उतरली तर तुमच्या उतारांमुळे पृष्ठभाग 600 वरून साधारण 380 चौरस मीटर होतो. पाण्यात हवा मिसळणाऱ्या पंख्याशिवाय चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम मासा मी पेलणारा धरतो, म्हणजे तेव्हा 57 ते 76 किलो. तळ्यात 150 किलो मासा असला आणि तो उन्हाळ्याआधी काढला नाही, तर एका ढगाळ पहाटे सगळा मरून पोट वर करून तरंगतो. म्हणून 300 बोटुकल्या, 8 ते 10 सेंटीमीटरच्या, पुरे. कटला, रोहू, मृगळ सारख्या प्रमाणात. पावसानंतर सहा-सात महिन्यांनी मोठे मासे काढून संख्या निम्मी करा. गवत्या मासा बांधाच्या कडेचे गवत खातो, चार-पाच पुरेत. सायप्रिनस (कॉमन कार्प) टाळा. तो तळ उकरतो, कच्च्या मातीच्या तळ्यात पाणी गढूळ ठेवतो आणि काठ पोखरतो.

खाद्य वजनाच्या 2 ते 3 टक्के. 300 मासे 100 ग्रॅमचे झाले की रोज 600 ते 900 ग्रॅम, त्याहून जास्त नाही. ताटात टांगून द्या, दोन तासांनी उरलेले दिसले तर दुसऱ्या दिवशी कमी.

विहिरीचे पाणी थेट नळीने तळाशी सोडू नका. त्यात प्राणवायू कमी असतो. उंचावरून दगडांवर आपटून पडू द्या. पंप पहाटे चालवा, कारण रात्रभर वनस्पतीही श्वास घेत असल्याने प्राणवायू सूर्योदयाआधी सर्वांत कमी असतो. शिवाय 20 अंशांना पाण्यात लिटरमागे जवळपास 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद, शेण बंद, पंप सुरू.

---

पाणवठा

आराखडा 30 बाय 20 चाच करतो, उथळ भाग ठेवतो. दोन शंका उरल्या. अस्तर करूनही कुठे पाझर राहिला तर वरून बेंटोनाइट टाकता येईल का? आणि नव्या मातीने पाणी गढूळ राहिले तर?

---

ओलमाती

भरलेल्या तळ्यात वरून बेंटोनाइट शिंपडून क्वचितच जमते. ते गळतीच्या जागी नेमके पोचत नाही. खरी पद्धत कोरड्या तळावर: सोडियम बेंटोनाइट चौरस मीटरला 5 ते 15 किलो, माती जितकी वाळूची तितके जास्त, वरच्या 15 सेंटीमीटरमध्ये एकसारखे मिसळून ठासायचे. कॅल्शियमचे बेंटोनाइट फारसे फुगत नाही, पोत्यावर बघून घ्या. सुकले की सोडियमचेही फाटते.

पाझर राहिला तर आधी जागा शोधा. पातळी रोज मोजा. एका विशिष्ट उंचीपर्यंत उतरून घट अचानक मंदावली तर गळती त्या उंचीवरच्या कडेत आहे. बांधाच्या बाहेरून कायम ओले किंवा हिरवे राहणारे ठिकाणही तेच सांगते. तेवढाच पट्टा खरवडून पुन्हा ठासा. पहिल्या वर्षी घट थोडी जास्त दिसेल, कारण कोरडी माती स्वतः पाणी पिते. दोन महिने थांबून मग निर्णय घ्या.

गढूळपणासाठी आधी तळ्याच्या पाण्याची बाटली भरून ठेवा आणि आठवडाभर हलवू नका. आपोआप निवळली तर तळ्यात वारा, जनावरे किंवा वरून येणारे पाणी गढूळ करत आहे, औषध घालून उपयोग नाही. निवळलीच नाही तर चार बादल्यांत वेगवेगळ्या प्रमाणात जिप्सम घालून बघा, लिटरला 250 ते 500 मिलिग्रॅममध्ये सहसा काम होते. तुरटी कमी लागते आणि लवकर निवळते, पण पाण्याची अल्कता खाते, सामू झपाट्याने घसरू शकतो. मासे सोडल्यानंतर तुरटी चुन्याशिवाय घालू नका.

---

काळाकातळ

पोकलेनवाल्याला सोलायची खोली तोंडी सांगू नका. 90 सेंटीमीटरवर रंगवलेल्या खुंट्या दर 5 मीटरवर ठोका. काळी आणि पिवळी माती एकाच ढिगात गेली की ती परत वेगळी होत नाही, आणि मुरूम मिसळलेली माती अस्तराच्या कामाची राहत नाही.